‘मला काहीच त्रास नाही’ म्हणणाऱ्या शुगरच्या रुग्णाला उत्तर

नागपुरातल्या नंदनवन भागातल्या ४६ वर्षांच्या एका गृहस्थांचा प्रश्न आला आहे. ६ वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी १३० ते १४० येते, मागच्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ७.९ आली. बीपी १४८/९२, ‘पण ते धावपळीमुळे’. दिवसाला तंबाखू-सुपारीचे दोन खर्रे. त्रास काही नाही. वडिलांना १८ वर्षं शुगर होती. चपलेतून खिळा लागला, तो त्यांना कळलाच नाही. दोन महिने ड्रेसिंग चाललं आणि शेवटी डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ‘माझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मी काय करू? आणि माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, त्याचं काय?’

वाचताना मी अडकलो ते ‘त्रास काही नाही’ इथे. नागपुरात प्रॅक्टिस करून ३० वर्षं झाली, आणि हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. ‘डॉक्टरसाहेब, मले तं काहीच होत नाही, मंग तपासण्या कायले?’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटले तरी मधला भाग शाबूत असेपर्यंत तो सकाळचा पेपर नीट वाचतो. किडनीचं निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी नॉर्मलच्या आसपास दिसू शकते. पायाच्या नसा बिघडल्या की काहींना मुंग्या येतात, आग होते. पण पुष्कळांचं दुखणंच बंद होतं. तुमच्या वडिलांना खिळा कळला नाही तो याच कारणाने. तेव्हा तब्येत कशी वाटते यावरून या आजाराचा अंदाज बांधता येत नाही. मुद्दाम शोधावं लागतं, दरवर्षी, ठरवून.

तुमच्या आकड्यांत मला आधी काळजी वाटते ती बीपीची. शुगरचे रुग्ण शुगरचा आकडा तोंडपाठ ठेवतात आणि बीपी धावपळीच्या नावावर सोडून देतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात नव्यानेच टाइप २ मधुमेह निघालेल्या ५,१०२ लोकांना घेतलं होतं आणि निकाल १९९८ मध्ये आले. त्यातल्या बीपीच्या भागात एका गटाचं सरासरी बीपी १५४/८७ राहिलं आणि दुसऱ्याचं १४४/८२. वरच्या आकड्यात फरक फक्त १० चा. तेवढ्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे बिघाड ३७ टक्क्यांनी. तुमचं १४८/९२ म्हणजे दुर्लक्ष करावं असं बीपी नाही. घरी दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. तरीही १३० आणि ८० च्या वरच राहिलं तर गोळी लागेल. ‘एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते’ ही भीती मला माहीत आहे. त्याच अभ्यासातल्या लोकांना पुढे १० वर्षं पाहिलं, तेव्हा बीपीचा फरक मिटल्यावर त्यापासूनचा फायदाही विरून गेला. गोळी चालू असेपर्यंतच राखण असते, म्हणून ती चालू ठेवायची.

शुगरचं याच्या उलट आहे, आणि ही गोष्ट मी प्रत्येक चाळिशीतल्या रुग्णाला सांगतो. त्याच अभ्यासात नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाची एचबीएवनसी ७.९ राहिली, म्हणजे बरोबर तुमच्याएवढी. कडक उपचारांच्या गटाची ७.० होती. १० वर्षांत दुसऱ्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे बिघाड २५ टक्के कमी झाले. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांचे आकडे सारखे झाले, तरी सुरुवातीला काळजी घेतलेल्यांचा फायदा पुढची १० वर्षं टिकला, हार्ट अटॅकच्या बाबतीत तर तो तेव्हा ठळक दिसू लागला. पहिल्या काही वर्षांत शुगर कशी राहिली हे शरीर विसरत नाही. तुमची ६ वर्षं झाली आहेत, अजून वेळ हातात आहे. ७ च्या खाली या, पण घाईने नाही. का ते डोळ्यांबद्दल सांगताना येईलच.

एक गोष्ट खास आपल्या भागाची. पूर्व विदर्भात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. एचबीएवनसी ही तपासणी हिमोग्लोबिनवरच होते. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असेल तरी काही मशीनवर गडबड होऊ शकते. उलट लोह कमी असेल तर आकडा खोटा जास्त दिसतो. ग्लुकोमीटरवर रोज २०० आणि एचबीएवनसी ६.५ असं विचित्र जमेनासं दिसलं, तर लॅबला नावं ठेवण्याआधी हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करून घ्या. घरात कोणाला सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

आता पाय. तुम्ही मुळात त्यासाठीच लिहिलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत काय चुकलं हे मी सांगणार नाही. पण मधुमेहात पाय जातो तो साधारण एकाच वाटेने. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि त्याच आधी बिघडतात. संवेदना गेली की चपलेतला खडा, तापलेली फरशी, नव्या बुटाची शिवण काही कळत नाही. तळपायावर एकाच जागी दाब पडून घट्टा होतो, घट्ट्याखाली जखम होते, माणूस तीच जखम तुडवत चालत राहतो. त्यात पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या की जखमेपर्यंत ना रक्त पोचतं, ना औषध. मग जंतू हाडापर्यंत जातात. दोन महिने रोज ड्रेसिंग करूनही जखम भरत नाही तेव्हा बहुधा दोन गोष्टी राहून गेलेल्या असतात. त्या पायावरचा भार काढलेला नसतो आणि रक्तपुरवठा तपासलेला नसतो. पट्टी कितीही चांगली बांधली आणि रुग्ण तोच पाय टेकवत दुकानात जात राहिला, तर ती जखम रोज नव्याने होते.

नागपूरचा उन्हाळा या पायांचा वैरी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवर कपडे काढायला दोन मिनिटं अनवाणी गेलेल्या बाईंचे दोन्ही तळवे भाजून फोड आलेले मी पाहिले आहेत; त्यांना कळलं ते रात्री, चादरीला पाणी लागलं तेव्हा. हिवाळ्यात हेच गरम पाण्याच्या पिशवीने होतं, शेकोटीने होतं. नवरात्रात ९ दिवस अनवाणी राहणारे, कोराडीला पायी जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांना मी हात जोडून सांगतो की देवीला चपला घालूनच भेटायला जा आणि देवळात मोजे घाला. सकाळी दवातल्या गवतावर अनवाणी चालायचा सल्ला जो कोणी देतो, तोही अशा रुग्णांसाठी चुकीचाच. एका रुग्णाचा पाय रात्री उंदराने कुरतडला आणि त्यांना सकाळी रक्त पाहून कळलं. जमिनीवर झोपणाऱ्या बधिर पायाच्या माणसाला मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायला सांगतो ते म्हणूनच.

तुम्ही काय करायचं? वर्षातून एकदा पाय तपासून घ्या. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला लावून स्पर्श कळतो का पाहतात, कंप देणारा काटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, घोट्याजवळची नाडी चाचपतात. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. डॉक्टर स्वतःहून बूट काढायला सांगत नसतील तर तुम्ही काढा. मेटफॉर्मिन घेता, तर बी-१२ ही तपासा. ते बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं आणि शाकाहारी माणसात आणखीच. त्यानेही पाय बधिर होतात, आणि ते बिचारं शुगरच्या खात्यात जमा होतं.

घरी रोज रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहा किंवा सौ.ना पाहायला सांगा. टाचांना खोबरेल चोळा, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. घट्टा किंवा भोवरी ब्लेडने कापू नका, दुकानातली भोवरीची पट्टी लावू नका, त्यात आम्ल असतं आणि ते चांगली कातडीही खातं. बूट घालण्याआधी उपडा करून झटका, आत हात फिरवा. नवीन जोडे संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. अंगठ्याला अडकवायच्या चपलांपेक्षा मागे पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबर असलेली सँडल बरी. जखम झाली तर हळद भरून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि पाय अचानक सुजला, गरम लागला, पण दुखत मात्र नाही, तर त्याला मुरगळ समजून चालत राहू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात. अशा पायावर भार न देता लगेच या.

खर्ऱ्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, कारण या गावात तो पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो आणि घेणाऱ्याला ते व्यसन वाटतच नाही. लोकांना तोंडाचा कॅन्सर माहीत आहे, तोंड उघडेनासं होतं तेही माहीत आहे. पण तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, बीपी वाढवते, हृदयाचा धोका वाढवते. शुगरने बारीक रक्तवाहिन्या बिघडत असताना वर हा आघात. हिरड्यांचा आजारही शुगर असलेल्यांत जास्त असतो आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आणखी चढवतात. दोन खर्रे म्हणजे थोडेच, असं मनाशी म्हणू नका. एक तारीख ठरवा, घरी सांगा, आणि तलफ भागत नसेल तर निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या. मी लिहून देईन त्या कुठल्याही गोळीपेक्षा हे तुमच्या पायाच्या जास्त उपयोगाचं आहे.

किडनीसाठी नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करा, त्यात लघवीतून किती प्रोटीन गळतं ते कळतं, आणि क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनीची रक्त गाळण्याची क्षमता, काढून घ्या. रेशो ३० च्या आत हवा. ३० ते ३०० च्या मध्ये आला तर घाबरू नका, ताप किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानेही तो वाढतो. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात. खात्री झाली तर या टप्प्यावर किडनी वाचवता येते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची औषधं गळणारं प्रोटीन कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं किडनी आणि हृदय दोन्ही सांभाळतात. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपल्यावर ती गोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ही गोळी लघवीतून साखर आणि पाणी बाहेर काढते. म्हणून उलट्या-जुलाब, उपास किंवा लू लागलेली असताना ती थांबवायची, डॉक्टरांना फोन करायचा आणि जेवणखाण सुरळीत झालं की पुन्हा सुरू करायची. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक घेऊन महिनोन् महिने खाणं आणि कोणी दिलेली बिननावाची पुडी घेणं, ही दोन कामं मात्र करू नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा जड धातू सापडले आहेत. डायलिसिसवर आलेल्या कितीतरी लोकांच्या घरी मला अशा पुड्या दिसल्या.

डोळ्यांची तपासणी म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं नव्हे. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो, वर्षातून एकदा. टाइप २ मध्ये निदान झाल्याच्या वर्षापासूनच हे करायचं असतं, कारण निदान होण्याआधी शुगर किती वर्षं होती ते कोणालाच ठाऊक नसतं. तुमची ६ वर्षं गेली, तेव्हा याच आठवड्यात करा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, सगळीकडे नेत्रविभाग आहे. थेंबांमुळे काही तास जवळचं अंधूक दिसतं आणि उजेड खुपतो. स्कूटरवर एकटे जाऊ नका, गॉगल न्या. पडद्याच्या बिघाडावर लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण त्यांनी मुख्यतः राहिलेली दृष्टी वाचते; गेलेली बहुधा परत येत नाही. आणि घाई नको म्हणालो ते यासाठी, की खूप वाढलेली शुगर फार झपाट्याने उतरवली तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. पडदा पाहून मग औषध वाढवलेलं बरं. पासष्टीच्या मावशींना ‘मोतीबिंदू आहे, पिकू द्या’ म्हणून दोन वर्षं घरी बसवलं आणि मागे पडदाच गेला होता, असं माझ्यासमोर घडलं आहे.

हृदयाचं थोडक्यात सांगतो. ४० च्या पुढच्या शुगरच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी लागते, कोलेस्टेरॉलचा आकडा फार वाढलेला नसला तरी. शुगरमध्ये अटॅक छातीत न दुखताही येतो. चालताना एकाएकी दम लागणं किंवा विनाकारण दरदरून घाम येणं हे ॲसिडिटी म्हणून सोडू नका. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू सगळ्यांकडे एकदम लक्ष दिलं तर काय होतं, हे डेन्मार्कमध्ये लघवीत अल्ब्युमिन येऊ लागलेल्या १६० रुग्णांवर पाहिलं गेलं. सुमारे ८ वर्षं नीट उपचार मिळालेल्या गटात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे प्रसंग जवळपास निम्मे झाले. २१ वर्षांनी हिशेब केला तेव्हा तो गट साधारण ७.९ वर्षं जास्त जगलेला निघाला.

जेवणाबद्दल तुम्हाला सगळे सांगतातच, मी थोड्याच गोष्टी सांगतो. संत्रं सोलून खा, रस पिऊ नका. तर्री-पोह्यांची प्लेट हा नाश्ता नेहमीचा करू नका, खावेसेच वाटले तर पोहे अर्धे आणि चणे दुप्पट. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी हे आपलं जेवण चांगलंच आहे, फक्त भाताचा ढीग आणि सावजीचं तेल आवरा. रात्री जेवल्यावर बूट घालून पंधरा मिनिटं चाला. ग्लिमेपिराइड चालू आहे, म्हणून एकादशीचा कडक उपास डॉक्टरांना न विचारता करू नका. त्या गोळीने शुगर एकदम खाली जाते, हात थरथरतात, घाम फुटतो. खिशात साखर ठेवा. तुमच्या घरी सत्तरीपुढचं कोणी शुगरवाले असतील तर त्यांना ७ च्या खाली आणायचा अट्टहास करू नका, त्यांच्यासाठी ८ सुद्धा चालतं. म्हातारपणी शुगर पडून माणूस पडला तर खुब्याचं हाड मोडतं.

आता मुलगा. आजोबांना होती, वडिलांना आहे, म्हणजे त्याला धोका इतरांपेक्षा जास्त आहे, पण ते ठरलेलं नाही. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीच्या आकड्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांना मागे वळवता येतं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. नुसतं चालणं आणि जेवण सुधारल्याने ३ वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्के कमी झाला. घरातल्या शिलाई मशीनजवळची टेप घ्या. मुलाची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर, पोटाचा घेर मोजा. ९० सेंटीमीटरच्या वर निघाला तर तुमच्या रक्ततपासणीच्या दिवशी त्यालाही उपाशीपोटी सोबत आणा.